अवस-पुनवेची गैरहजेरी

शालन दामाजी नाखवा ठाण्याच्या लॉ कॉलेजात दाखल झाली ती श्रावण अर्धा उलटल्यावर. साल अठ्ठ्याऐंशी. तोवर वर्गातली बाकं वाटली गेली होती, मैत्री जुळली होती, कोणी कोणाच्या वह्या उतरवून घ्यायच्या हेही ठरून गेलं होतं. शालन पहिलं वर्ष कोल्हापूरला पास होऊन आली होती. एका विद्यापीठातून उठून दुसऱ्यात जाणं हे काडीमोड घेऊन दुसरा पाट लावण्याइतकंच किचकट असतं, असं कॉलेजच्या कचेरीनं तिला महिनाभर रोज नव्यानं पटवून दिलं. कोल्हापूरच्या दाखल्याला उशीर, इथल्या शिक्क्याला उशीर. अखेर प्रवेश मिळाला तो तात्पुरता, आणि तोही एक त्रांगडं घेऊन. इथं पहिल्या वर्षाला असलेला कराराचा कायदा कोल्हापुरात पुढच्या वर्षावर होता, म्हणजे तिनं तो शिकलेलाच नव्हता. तेव्हा तिनं बसायचं दुसऱ्या वर्षात, आणि कराराच्या तासाला वही उचलून पहिल्या वर्षाच्या वर्गात जायचं.

पहिल्या वर्षाची पोरं तिला दुसऱ्या वर्षाची समजून जरा सरकून बसत. दुसऱ्या वर्षाची तिला कोल्हापूर म्हणत.

"काय कोल्हापूर, आज तांबडा का पांढरा?"

"कोल्हापूर, तुमच्याकडे मिरची शेरानं मोजतात का गं?"

शालन हसायची. कोल्हापुरात ती वर्षभर वसतिगृहाची पातळ आमटी जेवली होती. तिचं घर डोंबिवली पश्चिमेला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात होतं. पहाटे उठून, निवटी माशाच्या कालवणाचा हात राखेनं आणि मग साबणानं धुऊन ती गाडी पकडायची. पण तिनं कोणाला सांगितलं नाही. शाळेत असताना मागच्या बाकावरच्या मुली तिच्या दप्तराजवळ नाक धरायच्या. त्यामानानं कोल्हापूर बरं होतं. कोल्हापूरला वास नव्हता.

तिच्या कोल्हापूरला जाण्यात काही गोम नव्हती. कल्याणला बी.ए. झाली, ठाण्याच्या यादीत नाव लागलं नाही, तिकडे लागलं. वकिलीचं खूळ मात्र जुनं होतं. लहानपणी आई मनुबाई तिला एकदा कल्याणच्या कोर्टात घेऊन गेली होती. मासळीबाजारात बसायच्या जागेवरून काही भांडण होतं. बाजारात दिवसभर आवाज लावणारी मनुबाई न्यायाधीशासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडातून शब्द फुटेना. मग काळा कोट घातलेला एक माणूस चार वाक्यं बोलला आणि सगळे बाहेर आले. आईच्या वतीनं ती चार वाक्यं परक्यानं बोलावीत, हे शालनला तेव्हापासून खटकत राहिलं होतं.

कोल्हापूरचं वर्ष संपता संपता दामाजीला अर्धांगाचा झटका आला. होडी वल्हवणारा माणूस ओटीवर पडला, उजवा हात पोटावर ठेवला तसा राहू लागला. शालन परत आली. नारळी पुनव झाली, खाडीला नारळ वाहिला गेला, आणि मग खरी अडचण सुरू झाली.

नाखव्यांची बोकशी, म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं, खाडीत रोवलेल्या दोन खुंटांना बांधलेली असे. बोकशी काही रोज लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा ओहोटीबरोबर मासळी जाळ्यात शिरते. अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी आळसावतं, जाळी वाळत पडतात. उधाणात ओहोटी सरते ती सकाळी, साडेसहा-सातच्या बेतात. पाणी क्षणभर थांबतं, तेवढ्यात बोकशी उचलायची. चुकलं की पाणी उलटं फिरतं आणि धरलेलं सगळं मोकळं होतं.

कॉलेज सकाळी सातला भरायचं.

होडी दामाजीचा धाकटा भाऊ परशुराम काढायचा. पण बोकशी एकट्याच्यानं उचलत नाही. बाहेरचा गडी घ्यावा तर निम्मी मासळी त्याची. आणि बोकशी लावायचीच नाही असंही चालत नव्हतं. वाड्याचा शिरस्ता असा की ज्याची बोकशी त्याचा खुंट; लागोपाठ दोन-तीन उधाणं खुंट मोकळा राहिला तर दुसऱ्या घरानं तिथं जाळं बांधावं, कोणी हरकत घ्यायची नाही. दामाजीच्या खुंटावर डोळा ठेवून दोन घरं बसलीच होती. लग्न झालेली बाई होडीत चढत नसे, कुवार पोरीकडे वाडा काणाडोळा करी. तेव्हा शालन चढली.

तिनं मनाशी हिशेब केला होता. भांगाच्या दिवसांत कॉलेज, उधाणात खाडी. पाऊण हजेरी भरायला हवी होती. आधीच उशिरा आलेली, त्यामुळे मुळातच भोक पडलेलं. पण नेटानं बाकीचे दिवस भरले तर जेमतेम निभेल असं तिला वाटलं. निभलं नाही. उधाण म्हणजे नुसती पुनव नव्हे, मागचे-पुढचे दिवसही धरावे लागतात, आणि एखाद्या दिवशी बोकशी फाटून आली की दुसरा दिवस ती तुणण्यात जाई.

कॉलेजात प्रथम लक्ष गेलं ते शिपाई काळुरामचं. घंटा देणारा माणूस, फाटकात उभा राहून कोण आलं कोण नाही हे तो न मोजता ओळखायचा. शिवाय तो स्वतः दर अवसेला कुठल्याशा आईच्या दर्शनाला जायचा आणि दुपारी यायचा. एक दिवस त्यानं शालनला फाटकातच थांबवलं.

"ताई, राग मानू नका. तुम्ही अवसेला नसता."

"हो."

"पुनवेलाही नसता."

"नसते."

काळुरामनं टोपी काढली. "तेच म्हटलं. काल कोल्हापूर ऐकलं तेव्हाच समजायला पाहिजे होतं. अंबाबाईचं गाव."

शालनला वाटलं, तो थट्टा करतोय. ती हसली आणि वर्गात गेली. तो मागे हात जोडून उभा होता, हे तिनं वळून पाहिलं नाही.

आठवड्याभरात ही बातमी कचेरीत, कचेरीतून कॅन्टीनमध्ये आणि तिथून वर्गात आली: त्या कोल्हापूरच्या मुलीच्या अंगात येतं. दर अवसेला आणि पुनवेला. म्हणून ती कोणाशी जास्त बोलत नाही. म्हणून तिचे तळवे कापलेले असतात. तिच्या बाकावर कोणी पाय ठेवेना. पुढे बसणारा एक मुलगा, जो एरवी तिला तांबडा-पांढऱ्यावरून छळायचा, तो आता "जरा पेन देता का" असं अहो-जाहो करून म्हणू लागला.

हे सगळं शालनच्या ध्यानात आलं तेव्हा ते बरंच पुढे गेलेलं होतं. भांगाचे दिवस होते. ती फाटकातून बाहेर पडत होती, तर काळुरामची बायको रखमाबाई नारळ आणि लिंबू घेऊन भिंतीशी उभी.

"आई, एक विचारायचं होतं."

"मावशी, माझ्या अंगातबिंगात काही येत नाही हो."

रखमाबाईनं मान डोलावली. "खरी अंगात येणारी कधी कबूल करते होय? त्या शीळफाट्याची एक हाय, ती आपणहून सांगत फिरते. तिच्यात काय नाय."

"अहो, खरंच नाही. मी कामाला असते."

"तिचंच काम," रखमाबाई म्हणाली.

मग तिनं नारळ शालनच्या हातात दिलाच, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं. लेक टिटवाळ्याला दिली होती. जावई हात उचलतो. लेक दिवाळीला आली ती परत जायला तयार नाही. तिचा बाप म्हणतो, दिली ती मेली, गाडीत बसवून येतो. देवीचा कौल मिळाला तर तो ऐकेल. दुसऱ्या कोणाचं तो ऐकत नाही.

शालनच्या हातात नारळ होता, खांद्याला कौटुंबिक कायद्याची वही होती. "पाठवू नका," ती म्हणाली.

रखमाबाईनं तिथंच, पादचाऱ्यांच्या देखत, तिच्या पायाला हात लावला.

शालन घरी गेली ती नारळ पिशवीत लपवून. मनुबाईनं तो फोडून सुक्या जवळ्यात घातला. कुठून आला विचारलं नाही. नारळ आला तर विचारायचं कशाला, असा तिचा स्वभाव.

वर्गात शालनची एकच अशी मैत्रीण होती जिला हे सगळं ऐकून भीती वाटली नाही, राग आला. जया. ती कल्याणच्या चाळीत राहायची, दिवसा टपाल कचेरीत काम करायची. शालनच्या सगळ्या चुकलेल्या तासांच्या टिपा जयाच्या वहीतून उतरलेल्या होत्या. जयाच्या आजोबांनी छप्पन्न साली घरातले देव खाडीत सोडले होते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बाकी काही नाही. तिनं शालनला कॅन्टीनमागच्या जिन्यावर गाठलं.

"खरं का?"

"काय?"

"नाटकं करू नकोस. येतं का अंगात?"

 'मी बोकशी उचलायला जाते' एवढंच शालनला म्हणायचं होतं. बोकशी म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं. मग घर कुठं, बाप काय करतो, आई कुठल्या बाजारात बसते. तिला शाळेतलं ते बाक आठवलं. तिनं साडीचा काठ बोटाला गुंडाळला.

"बघ बाई," जया म्हणाली, "वह्या मी देईन. वहीला जातधर्म नसतो. पण उद्या कोर्टात माझ्यासमोर उभी राहिलीस आणि माझा मुद्दा खोडता आला नाही म्हणून घुमायला लागलीस, तर मी काय करायचं ते आत्ताच सांगून ठेव."

शालनला हसू आलं, आणि जयाला तेही आवडलं नाही. ती जिना उतरून गेली.

त्यानंतर जया वही द्यायची ती बाकावर ठेवून. हातात देत नसे.

थंडी आली. खाडीवर पहाटे धुकं उतरायचं, आणि त्या धुक्यात परशुराम आणि शालन खुंटाशी होडी बांधून पाणी थांबायची वाट बघत बसायचे. परशुराम विडी ओढायचा. पाणी थांबलं की एक वेगळीच शांतता व्हायची. मग तो नुसतं "हूं" म्हणायचा आणि दोघं ओढायला लागायची. सात वाजून गेलेले असायचे. ठाण्याला काळुरामनं घंटा दिलेली असायची.

भांगात मात्र ती एक तास चुकवत नव्हती. कराराचा तास प्राचार्य प्रधान स्वतः घेत. वयस्क गृहस्थ, पांढरा शर्ट, गळ्यातली तुळशीची माळ कॉलरमधून दिसायची. माघातल्या एका सकाळी त्यांनी फसवणुकीचं कलम काढलं. आपल्या मालातला दोष आपण सांगितला नाही, नुसते गप्प बसलो, तर ती फसवणूक होते का?

"नाही," ते म्हणाले. "गप्प बसणं हा गुन्हा असता तर निम्मे संसार मोडले असते."

वर्ग हसला.

"पण एक घोडा घ्या. घोड्याला खोड आहे. गिऱ्हाईक मालकाला म्हणतं, तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर मी घोडा निरोगी आहे असं धरून चालेन. मालक काही बोलत नाही. आता?" त्यांनी खडू खाली ठेवला. "आता ते गप्प बसणं म्हणजेच बोलणं. ती फसवणूक झाली."

शालननं ते लिहून घेतलं. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पहिल्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून लिहीत होती. तिच्यापलीकडे कोणी बसलं नव्हतं.

होळीच्या आधी कमी हजेरीवाल्यांची नावं फळ्यावर लागली. त्यांची टर्म मंजूर व्हायची नव्हती. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. शालनला तर दुहेरी घोर होता, कारण तिचा प्रवेशच तात्पुरता, टर्म मिळाली तर तो पक्का व्हायचा. एकेकाला प्राचार्यांच्या खोलीत बोलावत होते. बँकेतला एक जण लाल डोळ्यांनी बाहेर आला. नोकरीची सबब प्रधान सर ऐकत नसत, हे सर्वांना ठाऊक होतं. निम्मं कॉलेज नोकरी करणारं. एकाची ऐकली की सगळ्यांची ऐकावी लागेल. आजारपणाला ते सवलत देत, आणि देवाच्या कामाला देत. पलीकडच्या वर्षी एका मुलानं नर्मदा परिक्रमेला जाऊन अख्खी टर्म बुडवली होती, त्याला सरांनी पेढा दिला होता.

शालन दाराशी आली तेव्हा काळुराम पुटपुटला, "मी साहेबांच्या कानावर घातलंय. तुम्ही नुसत्या उभ्या राहा. काही बोलू नका."

प्रधान सरांनी तिला बसायला सांगितलं. तिच्याकडे जरा कुतूहलानं, जरा संकोचानं पाहिलं.

"नाखवा. तुमच्या हजेरीचं मी पाहिलं. बाकी दिवस तुम्ही एकही तास चुकवलेला नाही. जे चुकलेत ते सगळे..." त्यांनी हात हवेत अर्धवट फिरवला. "काळुराम मला बोलला. आमच्या मोठ्या मावशींचंही असंच होतं. चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे ती, मला कल्पना आहे. मी काही विचारणार नाही. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी 'धार्मिक कारण' असं लिहितो आणि सही करतो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी बादली ओढत होतं. शालनला आपलं वर्ष समोरच्या टेबलावर दिसत होतं, अगदी हातभर अंतरावर. त्याच्यासाठी तिला काहीही करायचं नव्हतं. पाणी थांबलं होतं.

"सर," ती म्हणाली, "घोड्याला खोड आहे."

"काय म्हणालात?"

"माझ्या अंगात येत नाही, सर. आम्ही कोळी आहोत. डोंबिवलीच्या खाडीवर आमची बोकशी लागते. जाळं. उधाणात सकाळी ओहोटी सरते तेव्हा ते उचलावं लागतं. वडील अंथरुणावर आहेत. मी होडीत जाते."

सर बघत राहिले. पेन हातातच होतं.

"मग काळुरामनं..."

"त्याला वाटलं. मी नीट नाही म्हटलं नाही."

"का नाही म्हटलं?"

शालननं खाली पाहिलं. "वासाला हसतील म्हणून."

त्यांनी हजेरीचा कागद पुन्हा एकदा चाळला. मग म्हणाले, "तुम्ही कामावर होतात."

"हो."

"कामाची सबब मी गेल्या तासाभरात पाच जणांची नाकारली. त्यातल्या एकाच्या घरी तान्हं मूल आहे."

"हो, सर."

"तुमची ऐकली तर त्यांना काय सांगू?"

"काही सांगता येणार नाही."

"मी लिहीत होतो," ते जरा वैतागून म्हणाले. "मी विचारलं नव्हतं. तुम्ही गप्प बसला असतात तर सही झाली असती."

"तुम्हीच शिकवलंत, सर."

सरांनी टोपण लावलं. त्यांना वाईट वाटलं असावं. पण वाईट वाटलं म्हणून निर्णय बदलणारा तो माणूस नव्हता, आणि शालनला खोलीतून बाहेर येताना त्यांचं म्हणणं कुठं चुकलं ते शोधूनही सापडेना. टर्म नामंजूर झाली. एवढं त्यांनी केलं की तात्पुरता प्रवेश रद्द न करता पुढच्या वर्षावर ओढला. पुन्हा दुसरं वर्ष, पहिल्यापासून. करार कायदा तेवढा तिला त्या एप्रिलमध्ये देता येणार होता. त्या तासांची हजेरी कशीबशी भरत होती.

फाटकाबाहेर रखमाबाई भेटली. नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. शालनला वाटलं, एकदा सांगायला सुरुवात केलीच आहे तर.

"मावशी, ते देवीचं खरं नाही. सरांना सांगून आले. मी तुम्हाला सांगितलं ते माझ्या मनानं सांगितलं."

रखमाबाईनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आई म्हणणं तिनं तिथंच सोडलं.

"तुझ्या मनानं?"

"हो."

"लगीन झालंय तुझं?"

"नाही."

"मग तुला गं काय ठावं?" असं म्हणून ती थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. "लेक पण तेच म्हणत होती म्हणा. पहिल्यापासनं. पण तिचं कोण ऐकतं? देवी बोलली तसा बाप वरमला. आता तिला शिवणाच्या कारखान्यात लावलीये, मानपाड्याला." तिनं आवाज खाली आणला. "ह्यांना कळलंय का, तू साहेबाला काय बोललीस ते?"

"नसेल अजून."

"साहेब काय शिपायाशी असलं बोलत नाय. तू पण बोलू नको. समजलं?"

इथं बोलणं आपलं कर्तव्य आहे की नाही, हे शालनला ठरवता आलं नाही. ती गप्प राहिली. काळुराम पुढे निवृत्त होईपर्यंत तिला पाहून टोपी काढत असे.

जयाला तिनं जिन्यावर बसून सगळं सांगितलं. जया ऐकत होती तोवर ठीक होती. ऐकून झाल्यावर भडकली.

"एवढ्यासाठी? माशांच्या वासासाठी? माझ्या आजीनं आयुष्यभर नगरपालिकेचा झाडू मारला, मी काय त्या वासाची तुझ्यापुढे लाज धरली होती? मला देवभोळी चालली असतीस, मूर्ख चालली असतीस. मला न सांगण्याइतकी परकी धरलीस ते मला चालत नाही."

"चुकलं."

"चुकलंच. वर्ष गेलं तुझं, आता मी तिसऱ्यात आणि तू पुन्हा तिथंच." तिनं पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढला आणि शालनच्या मांडीवर आपटला. "घे. पुढच्या वर्षी मला लागणार नाहीत."

घरी संध्याकाळ झाली होती. मनुबाई ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती. शालननं उभ्यानंच सांगितलं. वर्ष गेलं, आणि कसं गेलं.

मनुबाईचा हात थांबला. "म्हंजे सायब लिवतच होता?"

"हो."

"नि तू बोललीस, देवी नाय म्हनून?"

"हो."

"अगो मेले!" मनुबाईनं कोळंबीचा हात कपाळावर मारून घेतला. "देवी काय रागावली असती? आपलीच हाय ती. वरसाला कोंबडा देतो तिला. एक डाव तिचं नाव घेतलं असतंस तर काय झालं असतं?"

"खोटं झालं असतं, आये. वकील होणार मी."

"मग वकील काय करतान गो?"

आतून दामाजीचा घशातला आवाज आला. झटक्यानंतर त्याचं हसणं तसंच येत असे, हे ओळखायला घरच्यांना वेळ लागला होता. मनुबाईलाही हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. राहिलेली कोळंबी तिनं सोलून टाकली. टरफलं गोळा केली, हात धुतला, आणि पदराला पुसत म्हणाली,

"आथा पुढच्या वरसाला काय? पुन्ना अवस-पुनव नाय का येवाची?"

हाच प्रश्न शालनकडे होता. परशुरामला बोलावणं गेलं. तो दारातच उकिडवा बसला. गडी घ्यायचं बोलणं निघालं, निम्म्या वाट्याचं निघालं, खुंट सोडून द्यायचं कोणी तोंडावर आणलं नाही. मग मनुबाई म्हणाली, "मी चढतंय होडीत."

परशुरामनं विडी विझवली. "वयनी, वाड्यात काय बोलतील? लगीन झालेली बाय..."

"पोरीचा हात चालतो नि आयसचा चालत नाय? तिला ते हात मीच दिलेत. नि वाडा बोलेल तर बाजारात माझ्यासमोर येऊन बोलूं दे."

दामाजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस त्यानं बायकोच्या हातून पाणी घेतलं नाही, शालननं दिलं तर घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यानं डाव्या हातानं मनुबाईला खूण करून जवळ बोलावलं आणि त्याच हातानं, हवेतल्या हवेत, बोकशीची दोरी कमरेशी कशी अडकवायची ते दाखवलं.

वाडा बोलला. पावसाळाभर बोलला. नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या उधाणाला मनुबाई नऊवारी कासोटा घट्ट मारून होडीत चढली तेव्हा धक्क्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. शालननं ते पाहिलं नाही. त्या वेळी ती ठाण्याला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, अनोळखी पोरांच्या मधोमध बसली होती. हजेरी चालली होती. नाखवा, असं नाव आलं आणि ती हजर म्हणाली. शेजारच्या मुलीनं विचारलं, तू नवीन का, कुठून आलीस?

"डोंबिवली," शालन म्हणाली. "कोळीवाड्यातून."

"अय्या, मग मासे आण ना एकदा," ती मुलगी म्हणाली आणि वहीत तारीख घालू लागली.

शालन नव्वद साली दुसरं वर्ष आणि त्याच्या पुढच्या साली तिसरं पास झाली. आधी एका वकिलाच्या हाताखाली, मग स्वतःची, अशी कल्याणच्या कोर्टात ती उभी राहू लागली. मोठी वकील म्हणून तिचं नाव झालं असं नाही. मारहाणीच्या, पोटगीच्या, जागेच्या बारीकसारीक कज्ज्यांत ती असायची. अशिलाला ती आधी स्वतः बोलून बघायला लावायची, फुटला तर फुटला शब्द; मग आपण बोलायची. त्यामुळे तिची कामं लांबत आणि न्यायाधीश कधीकधी कंटाळत.

मनुबाई पुढची कितीतरी वर्षं होडीत जात राहिली. कोर्टाला सुट्टी असेल आणि उधाण असेल तर शालन तिच्याबरोबर जाई. परशुरामला तेवढीच झोप. अशाच एका रविवारी, धुक्यात, पाणी थांबलं. मनुबाई "हूं" म्हणाली आणि दोघी ओढायला लागल्या. अर्ध्यावर शालनच्या हातातून दोरी सुटली. मनुबाईनं आपला पाय दोरीवर दाबून ती धरली, लेकीचा तळवा उलटा करून बघितला. मऊ होता, बोटाला शाईचा डाग.

"हात बायकी झाले गो तुझे," ती म्हणाली, आणि पाणी फिरायच्या आत उरलेलं जाळं एकटीनं वर घेतलं.